चौदा खोल्यांचं घर आणि पाच मुंग्या

पार्श्वभूमी

बारा वर्षांची एक मुलगी, तिची आई आणि एक राणी मुंगी, एवढ्यांचं हे प्रकरण. दोघींच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. दिवसांचे आणि मोजणीचे आकडे मात्र मुलीच्या वहीतले आहेत, जसेच्या तसे.

राणी सापडली ती पाऊस पडून गेल्यावरच्या एका उबदार, दमट संध्याकाळी. अशाच हवेत मुंग्यांच्या पंखवाल्या राण्या आणि नर उडतात, हवेत मीलन होतं, आणि राणी जमिनीवर उतरून स्वतःचे पंख स्वतःच गाळते. मुलीला ती भिंतीच्या कडेने धावताना दिसली: काळी, दीड सेंटीमीटर लांब, पाठीवर पंखांच्या जागी नुसत्या खुणा. मुंगळ्याच्या जातकुळीतली, म्हणजे कॅम्पोनोटस. या गटात जगभरात हजाराहून जास्त जाती आहेत आणि पहिल्यांदाच मुंग्या पाळणाऱ्याला ती सोयीची पडते. मुंग्या आकाराने मोठ्या, त्यामुळे मोजता येतात. राणी धीराची, आणि सुरुवातीला तिला खायला घालावं लागत नाही.

खायला का लागत नाही, हे मुलीने आधीच वाचून काढलं होतं. उडण्यासाठी लागणारे छातीतले मोठे स्नायू राणीला आता आयुष्यात पुन्हा लागणार नसतात. ते ती आतल्या आत जिरवते, अंगातली चरबीही वापरते, आणि त्यावरच पहिली पिलावळ वाढवते. सगळ्या राण्या अशा नसतात. काही जातींच्या राण्यांना या काळातही शिकारीला बाहेर पडावं लागतं, आणि त्यांना बंद करून ठेवलं तर त्या उपाशी मरतात. म्हणून जात ओळखणं ही पहिली पायरी. ती या घरात नीट झाली होती.

पुढचंही सगळं नीट झालं. टेस्ट ट्यूबमध्ये एक तृतीयांश पाणी, त्यावर घट्ट बसवलेला कापसाचा बोळा, मग राणीची मोकळी जागा आणि तोंडाशी दुसरा बोळा. नळी काळ्या कागदात गुंडाळून कपड्यांच्या खणात ठेवली. ४७व्या दिवशी पहिली कामकरी मुंगी कोषातून बाहेर आली. अशा पहिल्या फळीतल्या मुंग्या नेहमीच बुटक्या असतात, कारण राणीच्या तुटपुंज्या साठ्यावर त्या पोसलेल्या असतात. ७०व्या दिवसाची नोंद अशी आहे: कामकरी ६, अंडी ११, अळ्या ५, कोष ३. सत्तर दिवसांच्या वसाहतीसाठी ही उत्तम स्थिती आहे.

७१व्या दिवशी मुलीला वाढदिवसाची भेट मिळाली: मुंग्यांसाठीचं तयार घर. पारदर्शक ॲक्रिलिकचं, १४ खोल्यांचं, वर काढता येणारं लाल झाकण आणि पुढे खाणं ठेवायला एक ट्रे. त्याच संध्याकाळी नळी उलटी धरून, बोटाने टकटक करून सगळ्यांना नव्या घरात उतरवलं.

अडचण

माझ्याशी संपर्क झाला तो ९०व्या दिवशी. मी बरीच वर्षं मुंग्या पाळते, त्यामुळे असे निरोप येतात. आईने एका वाक्यात सांगितलं, “राणी एका जागी थांबत नाही, अंडी दिसेनाशी झालीत, आणि ही रोज रडतेय.”

मी जाऊन पाहिलं. राणी आणि पाच मुंग्या तळाच्या एका कोपऱ्यातल्या खोलीत होत्या. बाकीच्या तेरा खोल्यांपैकी शेजारची एक कचऱ्याची झाली होती: किड्यांची टरफलं, दोन मेलेल्या मुंग्या, आणि त्या सगळ्यावर करड्या बुरशीचा कापसासारखा थर. पिलावळीत एक छोटी अळी आणि एक कोष, बस्स. वीस दिवसांपूर्वी अंडी, अळ्या, कोष मिळून १९ जीव होते. आता दोन.

सहा मुंग्या होत्या, दोन कोष फुटून दोघींची भर पडली, दोन मेल्या आणि एक झाकणाच्या फटीतून निसटून दुसऱ्या दिवशी भिंतीवर सापडली. ती परत घालताना दगावली. अशा पाच उरल्या.

आईची एक वेगळी काळजी होती: अशी एखादी निसटलेली मुंगी घरात कुठे वसाहत करेल का? नाही करणार. कामकरी मुंगीचं मीलन झालेलं नसतं. फार तर ती निषेचन न झालेली अंडी घालू शकते, आणि त्यातून फक्त नर निपजतात. राणीशिवाय वसाहत उभी राहत नाही. हे ऐकून आईचा चेहरा सैल झाला आणि त्यानंतर ती या कामात मनापासून उतरली. घरातल्या मोठ्या माणसाची भीती आधी ऐकून घ्यावी, हे मला दर वेळी जाणवतं, कारण मूल कितीही हौशी असलं तरी पाणी बदलायची आठवण शेवटी त्यांनाच राहते.

वहीत काय सापडलं

मी पहिल्या दिवशी वही मागितली नाही. घर पाहिलं, बुरशी पाहिली, आणि मनाशी ठरवून टाकलं की जागा फार मोठी झालीये, हेच कारण. ते चूक नव्हतं, पण अर्धंच होतं. निघताना मुलगी म्हणाली, “मावशी, मी रोज लिहिलंय, बघायचंय का?” तेव्हा मी पुन्हा बसले.

त्या वहीत तीन गोष्टी होत्या.

पहिली, पाहण्याच्या वेळा. मुलीने प्रत्येक मोजणीपुढे वेळ टाकली होती. नळी खणात होती तोवर आठवड्यातून दोन नोंदी. नवीन घर आल्यावर दिवसाला चार-पाच, आणि मैत्रिणी आल्या त्या दिवशी सात. प्रत्येक वेळी लाल झाकण काढून. घर अभ्यासाच्या टेबलावर होतं आणि त्याच टेबलावर स्पीकर होता. मुंग्यांना आवाज हवेतून फारसा कळत नाही, पण पायाखालची थरथर फार कळते. उजेड आणि थरथर एकत्र आली की राणीच्या दृष्टीने त्याचा अर्थ एकच, वारूळ कुणीतरी उकरतंय. घाबरलेली राणी अंडी खाते. हे क्रौर्य नाही. ती गुंतवणूक परत घेऊन सुरक्षित जागी पुन्हा सुरुवात करण्याची तिची रीत आहे.

दुसरी गोष्ट, ७४व्या दिवशीची: “अख्खी मीलवर्म अळी दिली. त्यांनी ओढत आत नेली!” उद्गारचिन्ह तिचंच. मीलवर्म म्हणजे पाळीव प्राण्यांना खायला देतात ती एका भुंग्याची अळी. सहा बुटक्या मुंग्यांना ती अख्खी संपत नाही. उरलेला भाग शेजारच्या खोलीत टाकला गेला, आणि घर असं होतं की सगळं उघडल्याशिवाय त्या खोलीत चिमटा जाईना. तिथे बुरशी धरली.

तिसरी ७८व्या दिवशी, आईच्या अक्षरात: “बुरशी. आजपासून किडे बंद. फक्त साखरपाणी.”

ही तिसरी नोंद वाचली आणि चित्र पूर्ण झालं. आईचा निर्णय समजूतदार होता. बुरशी किड्यामुळे आली, म्हणून किडे बंद. पण पूर्ण वाढलेल्या मुंग्या घन अन्न गिळतच नाहीत. त्यांची कंबर इतकी बारीक की आतून फक्त द्रव जातो. त्यांना पळायला-काम करायला साखर पुरते. मांस लागतं ते अळ्यांना वाढायला आणि राणीला अंडी घालायला. किड्याचे तुकडे अळ्यांपुढे ठेवले जातात, त्या ते पचवतात. प्रथिनं बंद झाली की वसाहत स्वतःच्याच पिलावळीतून ती काढते: आधी अंडी, मग लहान अळ्या. बारा दिवस नुसत्या साखरपाण्यावर गेले होते. उरलेली एक अळी हीच खरं तर आश्चर्याची गोष्ट होती.

म्हणजे साखळी अशी: घर मोठं, म्हणून कचऱ्याला जागा, कचऱ्यात बुरशी, बुरशीमुळे मांस बंद, मांस बंद म्हणून पिलावळ गेली. आणि या सगळ्यावर दिवसातून पाच वेळा उजेड. प्रत्येक कडी घालणाऱ्याने काळजीपोटीच घातली होती.

समोर असलेले पर्याय

आहे तिथेच ठेवायचं, झाकण बंद करायचं, स्पीकर हलवायचा आणि किडे पुन्हा सुरू करायचे. हा सगळ्यात कमी ढवळाढवळीचा मार्ग, आणि आज मागे वळून पाहताना मला तो तेव्हा वाटला त्याहून चांगला वाटतो. अडचण बुरशीच्या खोलीची होती. कॅम्पोनोटसच्या बहुतेक जातींना छातीच्या मागच्या भागातली ती ग्रंथी नसते, जिच्या स्रावाने इतर पुष्कळ मुंग्या जंतू आणि बुरशी रोखतात. त्या दुसऱ्या मार्गांनी स्वच्छता राखतात, पण पाच मुंग्यांच्या हातून किती होणार.

झटकून पुन्हा नळीत घालायचं. आईला हेच हवं होतं, लवकर आटपतं म्हणून. मी ठाम नाही म्हटलं. मुंगळ्याच्या कुळातल्या मुंग्या घाबरल्या की फॉर्मिक आम्ल फवारतात. मोकळ्यावर ते उडून जातं. बंद, अरुंद नळीत ते साचतं आणि त्यांनाच मारू शकतं. शिवाय तो एकच कोष. कॅम्पोनोटसच्या कोषातली मुंगी सहसा स्वतः बाहेर येत नाही, मोठ्या मुंग्या कोष फाडून तिला काढतात. हलवाहलवीत तो कोष कुठे पडला आणि कुणी उचलला नाही, तर आतली मुंगी गेलीच.

नळी घराला जोडून वाट पाहायची, त्यांना आपणहून जाऊ द्यायचं. सावकाश, आणि यश येईलच असं नाही.

मुलीने चौथा पर्याय आणला: बाहेरच्या त्याच जातीच्या वारुळातून थोडे कोष आणून द्यायचे. ही कल्पना वेडगळ नाही, अनुभवी लोक ते करतात. कोषातून नुकती निघालेली मुंगी ज्या वसाहतीत डोळे उघडते तिथलाच वास अंगाला लागतो, त्यामुळे ती बहुधा स्वीकारली जाते. तरी मी नको म्हटलं. आपली वसाहत कशामुळे खचली ते दुरुस्त न करता तिच्यात नवी तोंडं भरायची, त्यांच्याबरोबर माइट्स, म्हणजे अंगावर बसणारे बारीक परजीवी, यायची शक्यता, आणि दुसरं वारूळ उकरायचं. मुलीला पटलं ते तिसरं कारण.

आईने विचारलेला पाचवा पर्याय, सोडून देणं. प्रामाणिक प्रश्न होता. राणी इथलीच, त्यामुळे परकी जात निसर्गात सोडण्याचा धोका नव्हता. पण पाच मुंग्यांसह उघड्यावर सोडलेली राणी जवळजवळ नक्की मरते. नव्याने संसार मांडणाऱ्या राण्यांपैकी बहुतेकींचं निसर्गातही तेच होतं. त्याच वेळी मी आईला दुसरी बाजूही सांगितली: वसाहत तगली, तर हा सहा महिन्यांचा छंद राहणार नाही. काळ्या बाग-मुंगीची एक राणी पाळलेल्या अवस्थेत २८ वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. कॅम्पोनोटसची राणीही दहा वर्षं सहज गाठू शकते. मुलगी शिकायला बाहेर पडेल तेव्हा ही राणी अंडी घालत असेल. आई थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “ठीक आहे. तेव्हा मी बघेन.” माझ्या लेखी या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय तोच होता.

काय केलं

तिसरा पर्याय घेतला आणि पहिल्यातलं खाणं आणि स्पीकर हलवणं त्याला जोडलं.

९१व्या दिवशी नवी नळी पाण्याने भरून, बोळा बसवून, लवचीक नळीच्या तुकड्याने घराच्या दाराला जोडली. नळीवर काळा कागद. घराचं झाकण काढून ठेवलं आणि घराला पाणी देणं बंद केलं. आता उजेडाची, कोरडी होत जाणारी जागा एकीकडे आणि अंधारी, ओलसर, लहान जागा दुसरीकडे. मुंग्यांना ढकलायचं नाही, जागाच अशी करायची की त्यांनी स्वतः निवड करावी. १९व्या शतकात इंग्रज निसर्ग-अभ्यासक जॉन लबक यांनी काचांमध्ये मुंग्या पाळून दाखवलं होतं की उजेड पडला की त्या पिलावळ उचलून अंधारात नेतात, आणि माणसाला न दिसणारे अतिनील किरणही त्यांना टोचतात. आपण आज तीच खोड कामाला लावतो.

जोडाच्या फटीला मेणाचा पातळ पट्टा दाबला. ट्रेच्या वरच्या कडेला आतून द्रवरूप पॅराफिनचा अगदी बारीक हात फिरवला, त्यावरून मुंग्यांचे पाय घसरतात.

खाण्याची रीत पूर्ण बदलली. मीलवर्म अळी उकळत्या पाण्यातून काढायची, म्हणजे तिच्यावरचे माइट्स आणि जंतू जातात. मग तिचे तुकडे करून काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढा एकच तुकडा, प्लॅस्टिकच्या नखाएवढ्या चकतीवर ठेवून, एक दिवसाआड. चोवीस तासांनी उरेल ते चकतीसकट बाहेर. एक भाग साखर आणि चार भाग पाणी, त्याचा एक थेंब कापसाच्या कणावर, म्हणजे कुणी बुडणार नाही. तोही दोन दिवसांनी बदलायचा. बागेतले किडे द्यायचे नाहीत, कारण कुठे काय फवारलंय ते कळत नाही.

पहिले चार दिवस काहीच झालं नाही. एक मुंगी नळीत जायची, कापसावरचं पाणी प्यायची, परत यायची. पाचव्या दिवशी आईचा निरोप: “अजून तशाच बसल्यात. थोडं टकटक करू का?”

इथे खरं निर्णयाचं वळण होतं. पाच दिवस उजेडात बसवणं हाही ताणच. मग किती दिवस वाट पाहणं हे सबुरी आणि किती दिवसांनंतर ते दुर्लक्ष? मी एक खूण ठरवून दिली. कोष आणि अळी राणीजवळ, एकाच ढिगात असतील तोवर थांबायचं. पिलावळ विखुरलेली दिसली किंवा मुंग्या ती तोंडात धरून नुसत्या फिरताना दिसल्या, तर लगेच फोन करायचा आणि आपण झाकण परत घालायचं. आणि काही झालं तरी ९८व्या दिवसाच्या पुढे ताणायचं नाही. माणसाला नुसतं “वाट बघा” म्हटलं की त्याचे हात शिवशिवतात. काय बघायचं आणि कधीपर्यंत, एवढं सांगितलं की थांबता येतं.

मुलीच्या वहीतली ९७व्या दिवसाची सकाळ: “सगळ्या नळीत! राणी पण. कोष पण. अळी पण. घर रिकामं.”

जोड काढला, नळीच्या तोंडाशी ट्रे जोडला. घर धुऊन वाळवून कपाटात गेलं. ९९व्या दिवशी तो कोष फुटला आणि सहावी मुंगी आली, फिकट, पिवळसर, इतरांच्या मदतीने पाय मोकळे करत. १००व्या दिवशी राणीने तीन अंडी घातली होती.

दुसरा पेच: नळीत शिरलेलं पाणी

यापुढची चूक माझी आहे.

रात्री थंड होऊ लागल्या होत्या. खोलीत पहाटे २१ अंश. कॅम्पोनोटसची पिलावळ २५-२७ अंशांत चांगली वाढते, म्हणून मी नळीखाली छोटा उबदार पॅड लावायला सांगितला. कुठल्या टोकाखाली, ते सांगितलं नाही. आईने तो पाण्याच्या टोकाखाली ठेवला, कारण पाणी कोमट राहिलं तर चांगलं, असं तिला वाटलं. कुणालाही वाटेल.

त्या नळीत पाण्याच्या मागे हवेचा चार सेंटीमीटरचा बुडबुडा राहिला होता. ती नळी मी भरली होती. हवा दहा अंशांनी तापली की साधारण तीन टक्क्यांनी फुगते. या नळीच्या मापाने तो बुडबुडा सहा मिलिलिटरच्या आसपासचा, म्हणजे दर तापवणीला चार-एक थेंब पाणी बोळ्यातून पुढे ढकललं जाणार. पॅड बंद झाला की बुडबुडा आक्रसतो, ओल्या बोळ्यातून थोडी हवा आत ओढतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी मोठा होऊन फुगतो. नळीचा पंप होतो. आपल्याला चार थेंब म्हणजे काही नाही. सहा मुंग्यांना ते तळं.

१०३व्या दिवशी सकाळी नळीचा तळ ओला. राणी कोरड्या टोकाला, मुंग्यांनी सातही अंडी तोंडात धरून वर उचललेली. एक मुंगी पाण्यात चिकटून मेलेली. मुलीने फोनवर फक्त एवढंच विचारलं, “मी काही चुकीचं केलं का?” नाही. तिला मी नीट सांगितलं की सूचना माझी होती आणि अपुरी होती.

या वेळी पर्याय कमी होते आणि वेळही कमी. पॅड बंद केला. पाण्याचं टोक खाली राहील अशी नळी किंचित तिरकी ठेवली, म्हणजे साचलेलं पाणी बोळ्यापाशी थांबेल. तोंडाशी दुसरी, नीट भरलेली नळी जोडली. नीट म्हणजे: नळी उभी धरून पाणी ओतायचं आणि बोळा पेन्सिलीच्या बोथट टोकाने पाण्याला टेकून भिजेपर्यंत खाली दाबायचा, मध्ये हवा राहूच द्यायची नाही. मग दोन बोळ्यांमधली जागा पुसून कोरडी करायची. या वेळी त्यांनी सहा दिवस घेतले नाहीत. दुसऱ्या रात्रीच अंड्यांसकट गेल्या. ओली जागा सोडून कोरड्या जागी जायला त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

पॅड पुन्हा लावला तो आठवड्याने, कोरड्या टोकाच्या बाजूला, थर्मामीटर चिकटवून, आणि सगळी नळी तापणार नाही असा. एक टोक उबदार आणि एक थंड असलं की कुठे बसायचं ते मुंग्याच ठरवतात.

निष्पत्ती

नव्या अंड्यांतली पहिली कामकरी १५२व्या दिवशी आली. त्यानंतर वेग वाढला, कारण भरवणारे हात वाढले. २१०व्या दिवसाची नोंद: कामकरी २३, कोष ९, अळ्या बऱ्याच, “अंडी मोजता येत नाहीत, ढीग आहे”. नव्या मुंग्या पहिल्या फळीपेक्षा स्पष्टपणे मोठ्या आहेत. ९०व्या दिवशी ज्या पाच होत्या त्यांतल्या दोन अजून आहेत. मुलगी त्यांना त्यांच्या बुटकेपणावरून ओळखते.

पाहण्याचा प्रश्न तिने स्वतः सोडवला. मी “कमी बघ” म्हटलं होतं, आणि ते सांगणं तसं पोकळच होतं. प्रेमापोटी पाहणाऱ्याला त्याचा काय उपयोग. तिने नळीवर काळ्या कागदाऐवजी गडद लाल फिल्म लावली. मुंग्यांना लाल रंग फार अंधुक दिसतो, आपल्याला मात्र आतलं दिसतं. मोजणी आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, नळी न उचलता. रोजचं पाहणं ट्रेकडे वळवलं: कोण बाहेर येतं, चकतीवर किती वेळ थांबतं, परत जाताना कुणाच्या तोंडाला तोंड लावून पोटातलं साखरपाणी देतं. तिचं म्हणणं, ट्रेमध्ये जास्त मजा असते.

पुन्हा करायचं तर

वही आधी मागेन. घर पाहून मी जे निदान केलं ते वही पाहून अर्धं बदलावं लागलं. आहाराची चौकशी तर पहिल्या पाच मिनिटांत व्हायला हवी होती. पिलावळ नाहीशी होतेय असं कुणी म्हटलं की आता मी आधी विचारते, किडा शेवटचा कधी दिला?

आम्ही एकाच आठवड्यात चार गोष्टी बदलल्या: जागा, उजेड, थरथर, खाणं. वसाहत सावरली, पण कशामुळे, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. समजा आधी फक्त किड्याचा तुकडा सुरू केला असता, झाकण घातलं असतं आणि चार-पाच दिवस पाहिलं असतं. कदाचित राणीने तिथेच अंडी घातली असती आणि सहा दिवसांचा उजेडाचा ताण वाचला असता. बुरशीमुळे हलवणं मला आजही योग्य वाटतं. पण त्याच दिवशी हलवायला हवं होतं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते मिळवायची संधी मी घाई करून घालवली.

उबेची सूचना देताना टोक सांगायचं, तापमान सांगायचं, आणि आधी नळीत बुडबुडा आहे का ते बघायचं. खरं तर २१ अंशांवर पिलावळ मरत नाही, फक्त सावकाश वाढते. नुकत्या सावरलेल्या वसाहतीला आठवडाभर काहीच नवीन न देणं जास्त बरं झालं असतं.

आणि ७१वा दिवस. ज्यांनी भेट दिली त्यांच्यावर, किंवा मुलीवर, मी दोष ठेवत नाही. तयार घर हातात आल्यावर मुंग्या नळीतच ठेवायला बाराव्या वर्षी कोण तयार होईल? तिला कुणी एवढंच सांगायला हवं होतं की घर खराब होत नाही, ते थांबू शकतं. नळीचा निम्मा भाग मुंग्यांनी भरेपर्यंत नळी पुरते. तेव्हाही आधी नळीला ट्रे जोडायचा, घर नंतर.

आता ते घर पुन्हा कपाटातून निघालंय. दाराजवळच्या दोन खोल्या सोडून बाकी बारा खोल्यांच्या वाटा तिने कापसाने बंद केल्यात आणि तळाला पातळ काच बसवलीये, म्हणजे कचऱ्याच्या कोपऱ्यापर्यंत चिमटा पोचेल. जोडायचं कधी, ते तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय: “चाळीस झाल्यावर. त्याआधी कुणीही विचारलं तरी नाही.”